सिग्नलचा हात आणि आगगाडीचे छायाचित्र

आपल्या बोलीत ‘पडणे’ ही बहुधा वाईट बातमी असते. भाव पडतो, भिंत पडते, उभे पीक आडवे पडते. पण आगगाडीच्या स्टेशनावर मात्र काही पडले की लोकांचे चेहरे खुलत. “सिग्नल पडला!” असे कोणी म्हणाले की वळकट्या उचलल्या जात, बाकावर निजलेले पोर जागे केले जाई, पानसुपारीचा बटवा घाईघाईने कमरेला खोचला जाई. गाडी अजून दिसत नसे, तिची शिटीही कानी आलेली नसे. पण ती येणार याबद्दल कोणाला शंका उरत नसे.

हे पडणे कशाचे? स्टेशनाच्या दोन्ही अंगांना रुळांच्या कडेला उंच लोखंडी खांब उभे असत. खांबाच्या माथ्याशी तांबड्या रंगाचा एक हात. हात आडवा असला की गाडीने थांबायचे, तो खाली झुकला की यायचे. एवढा साधा हिशेब. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो कळे. गुराखी शेताच्या बांधावरून तो वाचीत असे. आज आपल्याकडच्या मुख्य मार्गांवर रंगीत विजेचे दिवे आले आहेत. दिवा काही पडत नाही, तो नुसता रंग बदलतो. तरी बोलण्यात अजून ‘सिग्नल पडला’ हेच राहिले आहे. वस्तू गेली आणि शब्द मागे उरला.

वस्तू गेली म्हणजे अगदीच गेली असे नाही. जुन्या छायाचित्रांत ती आहे. आगगाडीचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींनी इंजिनाबरोबर हा हातही टिपून ठेवला. पण फोटोतला हात वाचता आला नाही तर तो नुसताच एक खांब. म्हणून आज आपण दोन गोष्टी पाहू : हा हात आला कसा आणि त्याने आपल्याला काय शिकवले; आणि जुन्या छायाचित्रात तो दिसला, तर त्यावरून काय काय समजते.

या हाताला इंग्रजीत ‘सेमाफोर’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘खूण वाहणारा’. ही युक्ती मुळात आगगाडीसाठी निघालेलीच नाही. फ्रान्समध्ये क्लोद शाप नावाच्या माणसाने १७९४ साली पॅरिस ते लील या मार्गावर मनोऱ्यांची एक रांगच उभी केली. प्रत्येक मनोऱ्यावर लाकडी हात. हातांच्या निरनिराळ्या ठेवणीला निरनिराळा अर्थ. एका मनोऱ्यावरची खूण दुसऱ्याने दुर्बिणीतून पाहायची आणि पुढे द्यायची. विजेची तार येण्यापूर्वीची ही तारच म्हणा ना!

पुढे इंग्लंडात १८३० साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर या शहरांमध्ये आगगाडी सुरू झाली. त्या वेळी रुळांच्या कडेला पोलीस उभे असत आणि ते हाताने किंवा निशाणाने खुणा करीत. एक गाडी गेली की घड्याळ पाहायचे, ठरलेली मिनिटे गेली की दुसरी सोडायची. यात मोठी खोट होती. पुढची गाडी वाटेत बंद पडली, तर मागच्या गाडीला ते कळणार कसे? घड्याळ तर पुढे चालतच असते! लंडनजवळ न्यू क्रॉस येथे १८४१ च्या सुमारास चार्ल्स हटन ग्रेगरी या एंजिनिअराने शाप याच्या मनोऱ्यासारखा हात प्रथम आगगाडीसाठी खांबावर चढवला. पोलिसाच्या हाताची जागा लोखंडी खांबावरच्या हाताने घेतली. माणसाचा हात दुखतो, धुक्यात दिसत नाही, दूरवरून ओळखू येत नाही. खांबावरचा हात आभाळाच्या पार्श्वभूमीवर लांबून दिसतो.

आता आपल्या स्टेशनावर हा हात कसा चाले ते पाहा. स्टेशनाच्या टोकाला एक केबिन असे. तिच्यात उभ्या लोखंडी दांड्यांची ओळ. तांबडे दांडे थांब्याच्या सिग्नलांचे, काळे सांध्यांचे, निळे सांधे पक्के जखडणाऱ्या कुलपांचे, पांढरे म्हणजे रिकामे, काम नसलेले. केबिनवाला एक पाय टेकून, अंगाचा भार मागे टाकून दांडा ओढी. दांड्याला जोडलेली तार रुळांच्या कडेने छोट्या छोट्या चाकांवरून धावत खांबापर्यंत गेलेली. दांडा ओढला की तार ताणली जाई आणि तिकडे हात झुके.

ही तार सांभाळणे म्हणजे मोठी कटकट. शाळेत आपण शिकतो की उन्हाने धातू प्रसरण पावतो. लोखंडी तार ५०० मीटर लांब असेल आणि पहाटेपेक्षा दुपारचे तापमान २० अंशांनी वाढले, तर ती तार सुमारे १२ सेंटीमीटर लांबते. एवढी तार सैल पडली की दांडा पूर्ण ओढूनही हात अर्धवटच झुकायचा. म्हणून केबिनमध्ये तार घट्ट-सैल करण्याची सोय केलेली असे. गुरुजनांनी वर्गात हे गणित मुलांकडून करवून घ्यावे. पुस्तकातला नियम बाहेर कोणाच्या जिवाशी कसा जोडलेला असतो ते त्यांना कळेल.

आणखी एक प्रश्न. तार मध्येच तुटली तर? खांबाला एक वजन टांगलेले असे. तारेचा ताण गेला की त्या वजनाच्या ओढीने हात आपोआप पुन्हा आडवा होई. म्हणजे यंत्र बिघडले तर गाडी थांबेल, धडकणार नाही. बिघाड झाला तरी तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, हे या साऱ्या व्यवस्थेचे मर्म आहे. आणि हे शहाणपण फुकटात आलेले नाही.

सुरुवातीच्या काळात कित्येक ठिकाणी हात नेहमी झुकलेलाच असे, म्हणजे रस्ता मोकळा. अडवायचे असेल तेव्हाच तो आडवा करीत. झुकलेला हात खांबातच कोरलेल्या खाचेत जाऊन बसे. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडातल्या ॲबट्स रिप्टन येथे बर्फाचे वादळ झाले. खाचेत बर्फ साचले आणि हात ‘मोकळा’ दाखवीत तिथेच गोठला. केबिनवाल्याने दांडा फिरवला, त्याला वाटले सिग्नल दिला गेला. इकडे हात जागचा हललाच नाही. स्कॉटलंडहून येणारी एक्स्प्रेस पुढच्या कोळशाच्या गाडीवर आदळली, आणि थोड्याच वेळात उलट बाजूने आलेली दुसरी एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यावर आदळली. बारापेक्षा अधिक माणसे गेली. त्यानंतर नियम उलटा झाला : हात नेहमी आडवाच राहील, गाडीला वाट द्यायची असेल तेवढ्यापुरता तो झुकेल. आणि त्या रेल्वे कंपनीने हात खाचेतून बाहेर काढून खांबापासून दूर बसवला.

दुसरी गोष्ट १२ जून १८८९ ची, आयर्लंडातल्या आर्मा गावची. रविवारच्या धर्मशाळेतली मुले सहलीला निघाली होती. गाडी भरगच्च. चढावर इंजिन दमले. तेव्हा गाडी दोन भागांत तोडून अर्धी आधी पुढे न्यावी असे ठरले. मागचे डबे सुटले आणि उतारावरून मागे धावू लागले. मागून दुसरी गाडी, केवळ घड्याळ पाहून, सोडलेली होती. सुमारे ८० जीव गेले, त्यांत मुले पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. घड्याळावर गाड्या सोडणे बंद. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. सांधा आणि सिग्नल एकमेकांना कुलूपबंद. आणि उतारूंच्या गाडीतल्या सगळ्या डब्यांना आपोआप लागणारे ब्रेक. ज्या आयांची मुले त्या दिवशी परतली नाहीत, त्यांना त्या कायद्याचा काय उपयोग? पण त्यानंतरच्या कोट्यवधी आयांची मुले घरी परतली ती अशाच नियमांमुळे.

सांधा आणि सिग्नल एकमेकांना कुलूपबंद म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. स्टेशनात दोन-तीन रूळमार्ग असतात. गाडी कोणत्या मार्गावर जाईल ते सांधा ठरवतो. आता सांधा एकीकडे आणि सिग्नलने वाट दिली दुसरीकडची, तर अनर्थच. जॉन सॅक्सबी या इंग्रज कारागिराने १८५६ मध्ये सांधे आणि सिग्नल एकत्र बांधण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. केबिनमधल्या दांड्यांच्या खाली लोखंडी पट्ट्यांचे जाळे असते. सांधा बरोबर बसून जखडला गेल्याशिवाय सिग्नलचा दांडा हलतच नाही. केबिनवाल्याने कितीही जोर लावो! मनुष्य झोपेत असेल, घाईत असेल, चिडलेला असेल. पण लोखंड त्याला चूक करू देत नाही. आपल्याकडेही १८९० च्या दशकापासून अशी व्यवस्था येऊ लागली.

एकेरी मार्गावर आणखी एक राखणदार असे, लोखंडी गोळा. लगतच्या दोन स्टेशनांवर दोन यंत्रे, विजेच्या तारेने जोडलेली. पलीकडच्या स्टेशनमास्तराने संमती दिली तरच इकडच्या यंत्रातून एक गोळा बाहेर पडायचा, आणि तो पुन्हा यंत्रात गेल्याशिवाय दुसरा निघायचा नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवीत आणि ड्रायव्हरच्या हाती देत. न थांबणारी गाडी असली की चालत्या इंजिनातून खलाशी एका हाताने जुने कडे खाली टाकी आणि दुसऱ्याने नवे झेली. हा देखावा पाहायला पोरे फलाटावर जमत.

दिवसा हात दिसे, पण रात्री? हाताच्या मुळाशी चष्म्यासारखी एक चौकट असे. तिच्यात दोन काचा, आणि मागे घासलेटचा दिवा. हात आडवा असताना तांबडी काच दिव्यापुढे येई, झुकला की दुसरी. ही दुसरी काच हातात घेऊन पाहिली तर ती निळसर दिसे. लोक चकित होत : दिवा तर हिरवा दिसतो! घासलेटची ज्योत पिवळी असते. पिवळ्या उजेडापुढे निळसर काच धरली की डोळ्याला हिरवे दिसते. पूर्वी ‘मोकळा रस्ता’ म्हणून पांढरा उजेडच दाखवीत. पण तांबडी काच फुटली तर धोक्याचा दिवाही पांढरा दिसायचा, आणि ड्रायव्हर बिनधोक पुढे यायचा. म्हणून इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा गेला आणि हिरवा आला.

हे दिवे लावणारा माणूस बहुतेकांना ठाऊकही नसे. पावसाळी संध्याकाळी, एका हाताने शिडी धरून, दुसऱ्या हातात भरलेला दिवा घेऊन तो खांबावर चढे. वात कातरायची, काच पुसायची, वारा लागणार नाही अशी कवाडी लावायची. दिव्याच्या मागच्या अंगाला एक बारीक भोक ठेवलेले असे. केबिनवाल्याला रात्री त्या भोकातला उजेडाचा ठिपका दिसे, त्यावरून दिवा जळतो आहे आणि हात आडवा आहे एवढे त्याला कळे. हात झुकला की तो ठिपका झाकला जाई. एका भोकाने केवढे काम केले पाहा!

आता छायाचित्राकडे वळू. मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, ३४ किलोमीटर. त्या काळी कॅमेरा होता, पण काचेवर औषध लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे, आणि काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. डोंगर थांबतो, पूल थांबतो. धावती गाडी थांबत नाही. म्हणून त्या काळच्या रेल्वेच्या चित्रांत पूल, बोगदे आणि उभी इंजिनेच जास्त. आपला बोरघाट घ्या. त्याच्या बांधकामाचा ठेका घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आले आणि लगेच वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी तो ठेका हाती घेऊन जाणत्या एंजिनिअरांकडून काम तडीस नेले. १८६३ साली घाट खुला झाला. त्या कामाच्या छायाचित्रांचा एक संग्रह आजही ॲलिस ट्रेडवेल या नावाशी जोडला जातो. घाटात हजारो मजूर राबले, त्यांची नावे कुठे नाहीत. पण कुठल्याशा फोटोत खडकाच्या कडेला ठिपक्याएवढी माणसे दिसतात, ती तेच.

धावती गाडी टिपायला किती वेग लागतो, याचाही हिशेब करून पाहू. ताशी ९६ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ २७ मीटर पुढे सरकते. कॅमेऱ्याची पापणी सेकंदाचा शंभरावा भाग उघडी राहिली, तरी तेवढ्यात गाडी २७ सेंटीमीटर पुढे! एक हजारावा भाग धरला तर पावणेतीन सेंटीमीटर. कोरड्या काचा आल्या आणि त्या वेगाने उजेड टिपू लागल्या, तेव्हा १८८० नंतर कुठे हे साधू लागले. त्यातही गाडी आडवी समोरून जात असली की चित्र फिसकटते, आणि तिरकस अंगाने आपल्याकडे येत असली की बरे निघते. म्हणूनच बहुतेक जुन्या फोटोंत इंजिन तिरपे पुढे येताना दिसते. आणि मग चलच्चित्र आले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची जी पहिली चित्रे दाखवली, त्यांत स्टेशनात येणारी आगगाडी होती. हिंदुस्थानने पडद्यावर पाहिलेल्या पहिल्या गोष्टींपैकी ती एक.

या छंदाला आयुष्य वाहिलेली माणसे परदेशांत होऊन गेली. इंग्लंडातले एरिक ट्रेसी हे धर्मोपदेशक. लिव्हरपूलच्या रेल्वे वस्तीत काम करताना त्यांना इंजिनांचे वेड लागले. पुढे ते वेकफील्डचे बिशप झाले, तरी कॅमेरा सुटला नाही. १९७८ साली ॲपलबी स्टेशनावर वाफेच्या गाडीची वाट पाहत असतानाच त्यांना मृत्यू आला. अमेरिकेतले विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेची वाफेची इंजिने रात्री टिपली. दिवसा सूर्य आपले ऐकत नाही, रात्री उजेड आपल्या हातात असतो, हा त्यांचा विचार. एका चित्रासाठी चाळीसहून अधिक दिव्यांचा झगमगाट ते एकाच क्षणी करीत. रेडिओच्या श्रोत्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे, त्यांनी त्या इंजिनांचे आवाजही ध्वनिमुद्रित करून तबकड्या काढल्या. वाफ गेली, तिचे रूप आणि तिचा धापा टाकणारा आवाज दोन्ही राहिले.

आपल्याकडे हा छंद तितका फोफावला नाही. कॅमेरा महाग होता, आणि पुलांवर ‘फोटो काढण्यास मनाई’ अशा पाट्या होत्या. त्यामुळे आपल्या घरांतल्या पेटाऱ्यांत रेल्वेचे फोटो सापडतात ते वेगळ्याच निमित्ताचे. कोणाची बदली झाली म्हणून फलाटावर घेतलेला समूहफोटो. कोणी निवृत्त झाले म्हणून गळ्यात हार घालून इंजिनापुढे उभे राहिलेले ड्रायव्हरसाहेब. नवऱ्यामुलीची पाठवणी. आणि मागे, कोणाचे लक्षही नसताना, एक खांब आणि एक हात. इतिहासाला हा मागचा खांब मोलाचा आहे.

तो वाचायचा कसा ते सांगतो. पहिली गोष्ट, हात खांबाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा. आपल्याकडे ड्रायव्हरला हात खांबाच्या डाव्या बाजूला दिसतो. हाताचा दर्शनी भाग तांबडा, टोकाजवळ एक पांढरा पट्टा. पाठ पांढरी, तिच्यावर काळा पट्टा. तेव्हा फोटोत हात डावीकडे असेल तर आपण ड्रायव्हरच्या नजरेने पाहत आहोत. उजवीकडे असेल तर पाठमोरे. एवढ्यावरून हा सिग्नल कोणत्या दिशेच्या गाडीसाठी होता ते समजते. जुन्या काचांना तांबडा रंग उमटत नसे, तो काळा दिसे. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोत काळा हात दिसला तर रंग वेगळा होता असे समजू नका. तो तांबडाच.

दुसरी गोष्ट, हाताचे टोक. टोक सरळ कापलेले असेल तर तो थांब्याचा सिग्नल. माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले असेल तर तो पुढची सूचना देणारा. जुन्या पद्धतीत स्टेशनाबाहेरच्या आउटर सिग्नलच्या खांबावरच, खाली, हा शेपटीवाला ‘वॉर्नर’ असे. वरचा हात पडला आणि खालचा आडवाच राहिला, तर गाडीने जपून यायचे, पुढे थांबायचे आहे. दोन्ही पडले, तर ती न थांबता सरळ निघून जाणारी मेल. ज्या फोटोत दोन्ही हात पडलेले आहेत, त्यातल्या गाडीने त्या गावाकडे पाहिलेसुद्धा नसणार!

तिसरी गोष्ट, एकाच खांबावर आडव्या फळीवर दोन-तीन हात दिसले तर त्यांची उंची पाहा. उंचावरचा हात मुख्य मार्गाचा, ठेंगणे बाजूच्या मार्गांचे. ठेंगणा पडला असेल तर ही गाडी बाजूला घेतली जात आहे. बहुधा समोरून दुसरी यायची आहे. चौथी गोष्ट, हात खाली झुकण्याऐवजी वर उचललेला दिसला, तर ती नंतरची पद्धत. तिथे तार तुटली तर हात स्वतःच्याच वजनाने आडवा होतो. तिथे सिग्नल ‘पडत’ नाही, ‘चढतो’. पण लोक म्हणायचे ‘पडला’च. आणि रेल्वेच्या माणसांची भाषा तर आणखी तिसरीच. आडव्या हाताला ते ‘ऑन’ म्हणत आणि पडलेल्याला ‘ऑफ’. विजेच्या बटनाला सरावलेली आजची मुले हे ऐकून गोंधळतात.

आता आजचे. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या भागात आपोआप बदलणारे रंगीत दिवे १९२८ सालीच आले. पुढे हळूहळू दांडे, तारा, घासलेटचे दिवे गेले. वऱ्हाडातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी गाडी, जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणत, तिच्या मार्गावर इंग्लंडात घडवलेले जुने सिग्नल फार वर्षे टिकले होते. तिचे वाफेचे इंजिन १९९४ साली थांबले. पुढे ती गाडीही बंद पडली. नागपूरला मोतीबाग येथे छोट्या रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय २००२ साली उघडले. शाळेच्या सहली तिथे अवश्य न्याव्यात.

हात गेले याचे फार दुःख करण्याचे कारण नाही. पावसात शिडीवर चढणाऱ्या माणसाचा धोका टळला, धुक्यात दिवा अधिक स्वच्छ दिसतो, गाड्याही जास्त धावतात. पण हातामागचे तत्त्व जुने झालेले नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनावर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा दिवा मिळाला, आणि सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत सिग्नलच्या तारांच्या जोडणीतल्या चुका पुढे आल्या. सांधा आणि सिग्नल यांचे एकमत असलेच पाहिजे, हे १८५६ सालचे शहाणपण. यंत्र लोखंडाचे असो की विजेचे, त्याची जोडणी करणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने ते विसरले की काय होते, ते आपण पाहिले. जुना हात डोळ्यांना दिसे, त्याची तार बोटांना लागे. आजची जोडणी बंद पेटीत असते. म्हणून ती पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याची शिस्त आता अधिकच हवी.

शेवटी एक काम सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी ते मनावर घ्यावे. आपल्या गावाजवळ स्टेशन असेल तर तेथे पूर्वी काम केलेली वडीलधारी माणसे शोधा : सांधेवाले, दिवे लावणारे, फाटकवाले, केबिनवाले. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. “काका, तुमच्या केबिनात किती दांडे होते? आउटरची तार किती लांब होती? रात्री दिवा विझला तर काय करायचे?” असे विचारून उत्तरे वहीत लिहून घ्या. घरोघरचे जुने फोटो पाहा. रुळांत उतरून मात्र कोणीही फोटो काढू नये, मोबाइलवर तर नाहीच. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे, आणि कायद्यापेक्षाही गाडी वेगाने येते. परवानगी असेल तिथे, फलाटावर, कडेपासून दूर उभे राहून घेतलेला फोटो पुरेसा असतो.

आणि फोटो सापडला किंवा काढला, की त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, पुढच्या बाजूला वळ उमटणार नाही अशा बेताने, चार ओळी लिहा. स्टेशनाचे नाव. तारीख, निदान साल. गाडी कुठून कुठे चालली होती. फोटोतली माणसे कोण, आणि त्यांचे काम काय होते. जागा उरली तर पाचवी ओळ : सिग्नल पडलेला होता की आडवा.